ठरल्या वेळेला नेटवर

ता. दारव्हा, जि. यवतमाळ

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

"मले त इन्फन्ट्री पाह्यजे होती काका. वायरलेसवर बसून काय करतं मानूस?" असं तू परवा पारावर म्हणालास. चार लोकांत त्याचं घाईघाईनं उत्तर देणं मला बरं वाटलं नाही. सोयाबीन घरात आलं आहे, तूर फुलावर आहे, संध्याकाळ मोकळी मिळते. म्हणून सविस्तर लिहितो.

पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर धावताना तुझ्या डोळ्यांपुढे रायफल होती आणि भरतीच्या कागदावर आलं सिग्नल, म्हणजे फौजेचं संदेशवहनाचं खातं. मन खट्टू झालं असेल, ते मी समजू शकतो. पण हे खातं काय आहे हे कळायच्या आधीच तू त्याच्यावर नाराज झालास. ती नाराजी घेऊन जबलपूरच्या ट्रेनिंग सेंटरच्या गेटातून आत गेलास तर उस्ताद जे शिकवतील त्यातलं निम्मं कानावरून जाईल. तसं होऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

मी सोमालियात होतो हे गावाला माहीत आहे. लोक विचारतात ते एकच, गोळी चालवली का? मी तिथं तारा ताणल्या, मेखा ठोकल्या, बॅटऱ्या भरल्या आणि कान लावून बसलो. त्या कामाचा मला आजही अभिमान आहे. तो का, हे तुला समजावं असं मला मनापासून वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९९१ मध्ये सियाद बारेची राजवट कोसळली आणि सोमालियात टोळ्यांची आपसांत लढाई जुंपली. १९९२ च्या दुष्काळात बैदोआ या गावाचं नाव साऱ्या जगाच्या कानावर गेलं ते उपासमारीच्या मरणांमुळे. मार्च १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ठराव करून दुसरी मोहीम उभारली आणि त्याच वर्षी आपली ६६ वी इन्फन्ट्री ब्रिगेड तिकडे गेली. डोक्यावर निळी टोपी, गाड्यांना पांढरा रंग. आपल्या ब्रिगेडकडे आलेला मुलूख अख्ख्या विदर्भाच्या दीडपटीहून मोठा होता. मध्ये बैदोआ, पश्चिमेला जुबा नदीवरचं बार्डेरा, आणि खाली विषुववृत्त ओलांडल्यावर समुद्रकाठचं किसमायो. धान्याच्या गाड्या सुखरूप पोचवायच्या, रस्ते मोकळे ठेवायचे, दवाखाना चालवायचा, विहिरी दुरुस्त करायच्या. तिथली टेलिफोनची व्यवस्था लढाईत बसली होती. खांब कुठे कुठे उभे होते, तारा नव्हत्या. मोबाइलचा तर तो काळच नव्हे. सॅटेलाइटचा फोन होता, पण तो मोजक्या ठिकाणी आणि फार महाग.

आता आमच्यापुढचं गणित बघ. बैदोआहून बार्डेरा सरळ रेषेत १७५ किलोमीटरच्या आसपास. राजधानी मोगादिशू सव्वादोनशेच्या घरात. किसमायो ४००. जवानाच्या पाठीवरचा व्हीएचएफ, म्हणजे जवळच्या पल्ल्याचा सेट काटेरी झुडपांच्या सपाट रानात काही किलोमीटर बोलतो, गाडीवर उंच एरियल लावली तर थोडा जास्त. त्यापुढे पृथ्वीची गोलाई आडवी येते. मग १७५ किलोमीटरवरच्या चौकीला, जिथं आपलीच पोरं बसली आहेत, हाक कशी मारायची? हे सोडवण्यासाठी सिग्नलवाला असतो.

उत्तर डोक्यावर आहे. जमिनीपासून दोन-तीनशे किलोमीटर उंचीवर हवेचा एक थर सूर्याच्या किरणांनी विद्युतभारित होतो, आणि एचएफच्या, म्हणजे शॉर्टवेव्हच्या लहरी त्याच्यावर आपटून खाली परततात. मात्र किती कोनात वर पाठवल्या त्यावर त्या कुठे उतरतात ते ठरतं. आडव्या पाठवल्या तर हजार-दोन हजार किलोमीटरवर उतरतात आणि मधला मुलूख कोरडा राहतो. तुझ्या वावरातल्या तुषारच्या पाइपाचं तोंड सरळ आभाळाकडे केलं तर पाणी आपल्याच भोवती पडतं, तसंच हे. जवळच्या स्टेशनाशी बोलायचं तर लहर जवळजवळ सरळ वर गेली पाहिजे. त्यासाठी तार उंच नको, खाली हवी.

नव्या पोरांना हे पटता पटत नाही. आमच्यातल्या एका उत्साही लान्स नायकानं मोठा मास्ट, म्हणजे खांब जोडून एरियल जमेल तेवढी उंच चढवली. सेटमध्ये दूर दूरच्या देशांतली स्टेशनं खणखणीत येऊ लागली आणि बार्डेरा मात्र गायब. तो सेट उघडायला निघाला. सुभेदार साहेबांनी त्याला थांबवलं, म्हणाले, तार सहा मीटरवर आण. आणली. अर्ध्या तासात बार्डेराचा ऑपरेटर "ओके, ओव्हर" म्हणाला. सेटला हातही लागला नव्हता.

तार किती लांब घ्यायची याचं गणित पाठच करून ठेव: १४३ ला मेगाहर्ट्झनं भागायचं, येईल तितके मीटर. ५ मेगाहर्ट्झला २८.६ मीटर. मधोमध कापून दोन बाहू केले की प्रत्येकी १४.३. अशा दोन बाहूंच्या एरियलला डायपोल म्हणतात. सुरुवातीला तार थोडी जास्त घ्यायची, मीटरवर परत येणारी पॉवर बघायची आणि टोकं दुमडत दुमडत जागेवर आणायची. तोडायची नाही, कारण रात्रीची फ्रिक्वेन्सी खाली असते आणि तेव्हा तीच तार पुन्हा लांब लागते. टोकाला चिनी मातीचे इन्सुलेटर, त्याला दोरी, दोरी बाभळीच्या फांदीला. तिकडेही बाभळीच्याच जातीची काटेरी झाडं. मास्टचे ताण जमिनीत मेखांना बांधले की त्यांच्यावर पांढऱ्या कापडाच्या चिंध्या लावायच्या. उस्तादांनी हे जबलपूरला शिकवलं होतं ते रात्री माणूस अडखळू नये म्हणून. तिथं त्या चिंध्या उंटांसाठी कामी आल्या. कळप संध्याकाळी पाण्यावरून परतताना आमच्या छावणीच्या कडेनं जायचा, आणि एखादा उंट ताणात अडकला की मास्टसकट सगळं आडवं. कळपामागची दहा-बारा वर्षांची पोरं नंतर स्वतःच हाक मारून उंट बाजूनं काढू लागली. आम्ही त्यांना कधी बिस्किटं द्यायचो. त्यांनी ते काम बिस्किटांसाठी केलं असं मात्र मला वाटत नाही. तार तुटली की आम्ही कसे धावतो ते त्यांनी पाहिलं होतं.

जागा निवडण्याची गोष्ट सांगायलाच हवी. आम्ही पोचलो तेव्हा तिकडचा हिवाळ्याआधीचा पाऊस यायचा होता. स्टेशनसाठी एक छान सपाट जागा दिसली. मुख्यालयाच्या जवळ, लंगर (फौजी स्वयंपाकघर) आणि जनरेटरपासून लांब, मोकळी. मेखा मारायला सुरुवात केली तेवढ्यात एक म्हातारा काठी टेकत आला आणि उभा राहून बघू लागला. दुभाषा त्याच्याशी बोलला. म्हातारा म्हणत होता, इथं पाणी येतं. आम्हाला तर जमीन हाडासारखी कोरडी दिसत होती. आमचे कॅप्टन साहेब त्याच्याबरोबर त्या जागेभोवती पायी फिरले. त्यानं काठीनं दाखवलं, उतार कुठून सुरू होतो, कुठली झुडपं एका अंगाला झुकली आहेत. साहेबांनी मेखा उपटायला लावल्या आणि स्टेशन दोनशे पावलं वर नेलं. पाऊस आला तेव्हा त्या सपाट जागेत गुडघ्याएवढं पाणी उभं राहिलं. आपल्या गावात बाहेरून इंजिनियर येतो आणि नाल्याकाठच्या कास्तकाराला न विचारता रस्त्याची मोरी काढतो, मग पहिल्या पुरात ती वाहून जाते, हे तू पाहिलं आहेस. परक्या मुलखात तू असशील तेव्हा हे ध्यानात ठेव. नकाशा आपल्याकडे असतो. जमीन तिथल्या माणसाला माहीत असते.

ती माणसं आपल्याहून फार वेगळी नाहीत, हे मला तिथं उमगलं. बैदोआच्या भोवतीचा पट्टा ज्वारीचा आहे. गावाजवळच्या वावरांत काळसर माती, उन्हात भेगा पडलेली, आणि ज्वारीची ताटं. आमच्या आजोबांच्या काळी आपल्याकडे जमिनीत पेव खणून ज्वारी साठवायचे, तसंच तिथं आजही साठवतात. मी पेव दाखवा म्हणालो तर त्या घरच्या माणसानं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, कारण लढाईच्या दिवसांत बंदूकवाले याच पेवांतलं धान्य लुटून नेत होते. मी दुभाष्याकरवी सांगितलं की माझ्या घरीही ज्वारीच पिकते. मग त्यानं वरची माती बाजूला केली. जो दुष्काळ आपण बातमीत ऐकतो तो अशा एका घराच्या रिकाम्या पेवापासून सुरू होतो. तेव्हापासून धान्याच्या गाड्यांचा प्रत्येक संदेश मी जास्त जपून लिहून घेऊ लागलो.

छावणीच्या जागेवर मात्र वर तांबूस माती आणि दोन वीत खाली चुनखडीचा खडक. अर्थिंगची सळई घणानं ठोकली की टण्ण वाजून परत यायची. डायपोल बोलण्यापुरती अर्थशिवाय चालते. पण वीज पडली तर, आणि जनरेटरचा खरखराट मारायचा तर, अर्थ चांगली पाहिजेच. आम्ही सळया तिरप्या घातल्या, तीन-चार ठिकाणी घालून जाड तारेनं एकमेकींना जोडल्या, भोवती मीठ घातलं. ओल कुठून आणायची? पिण्याचं पाणी मोजून मिळत होतं. मग अंघोळीच्या जागेपासून एक बारीक चर काढला आणि सांडपाणी सळयांकडे वळवलं. रोज सकाळी कंपनी अंघोळ करायची आणि आमची अर्थ भिजायची. क्लॅम्प दर आठवड्याला सोडून, घासून, पुन्हा आवळायचे. हे काम कुणी बघत नाही आणि त्याचं पदक मिळत नाही. ते ज्यानं केलं नाही त्याच्या स्टेशनात खरखर असते, आणि अशा खरखरीत एखादा शब्द हरवतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

बाहेरच्या चौक्यांकडे आणि काफिल्यांकडे बॅटरी बेताची असते. सेट चोवीस तास चालू ठेवणं त्यांना परवडत नाही. म्हणून वेळा ठरलेल्या असतात. एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलणाऱ्या सगळ्या स्टेशनांचं जाळं म्हणजे नेट, आणि त्यातलं मुख्य स्टेशन म्हणजे कंट्रोल. समज, अमुक तासाची पहिली पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत ते सेट चालू करतात, कंट्रोलला हाक मारतात, सांगायचं ते सांगतात, बंद करतात. तू कंट्रोलवर बसला आहेस आणि त्या पाच मिनिटांत चहाला गेलास, तर तिकडे झुडपात बसलेल्या दहा-बारा माणसांना फक्त सळसळ ऐकू येते. आपलं कुणी ऐकलं की नाही हे त्यांना कळत नाही, आणि बॅटरी मात्र तेवढी उतरते. पुढच्या वेळेपर्यंत ते एकटे. बाळा, वायरलेसवर बसून माणूस काय करतो, याचं माझं उत्तर हेच आहे. तो ठरल्या वेळेला तिथं असतो. सेट, एरियल, अर्थ, बॅटरी ही सगळी त्याची तयारी. खरं स्टेशन म्हणजे पलीकडच्याला असलेली खात्री, की मी बटण दाबलं तर कुणीतरी ऐकतं आहे.

लॉगमध्ये आम्ही न आलेला आवाजसुद्धा लिहायचो. अमुक वाजता बोलावलं, उत्तर नाही. अमुक वाजता पुन्हा बोलावलं, उत्तर नाही. नव्या ऑपरेटरला वाटतं की काही घडलंच नाही तर लिहायचं काय. पण लागोपाठ दोन वेळा एखादी चौकी बोलली नाही, तर त्या दोन ओळींवरून मुख्यालयात हालचाल सुरू होते. कोणाला पाठवायचं, कुठल्या रस्त्यानं, हे ठरू लागतं. ती ओळ अंदाजानं लिहिली किंवा शिफ्ट संपताना एकदम भरली, तर तिच्यावर कुणी भरवसा ठेवायचा?

एका संध्याकाळचं सांगतो. मोगादिशूकडून निघालेला आपला एक छोटा काफिला दुपारच्या वेळेला नेटवर आला आणि संध्याकाळच्या वेळेला आला नाही. विषुववृत्ताजवळ सूर्य मावळला की वरचा तो थर खवळतो. आवाज थरथरतो, फाटतो, मध्येच बुडतो. त्यातून लांब कुठे विजा कडाडत असल्या की सेटमध्ये सारखे तडाखे. मी हेडफोनचे दोन्ही कान दाबून बसलो होतो. एकदा आमचं कॉल साइन, म्हणजे नेटवरचं सांकेतिक नाव, अर्धवट आल्यासारखं वाटलं, पुन्हा काही नाही. आमच्या तक्त्यात लिहिलेलं होतं की अंधार पडल्यावर अमुक वाजता खालच्या फ्रिक्वेन्सीवर जायचं. मी घड्याळ बघितलं, वेळ झाल्यावर खाली गेलो, एरियलच्या दुमडलेल्या टोकांना सोडायला एक जण टॉर्च घेऊन पळाला. पलीकडचा ऑपरेटर दक्षिणेकडचा एक पोरगा होता, तुझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा. तोही त्याच मिनिटाला खाली आला होता. आणि तिथं तो आला, बारीक, पण स्वच्छ. एका गाडीचा एक्सल गेला होता, एक जण तापानं फणफणला होता, रात्र रस्त्याकडेला काढणार, पाणी आणि डॉक्टर हवेत. मी आकडे परत वाचून दाखवले, तो "करेक्ट" म्हणाला. बास. दीड मिनिटाचं बोलणं. त्याला मी दिसत नव्हतो, मला तो दिसत नव्हता, त्या अंधारात आमच्यात बोलणंही शक्य नव्हतं की चल आता खाली जाऊ. दोघांनी आपापल्या जागी एकच कागद पाळला. पहाटे मदत निघाली.

आकड्यांवरून आठवलं. तू इंग्रजीला बिचकतोस, मला ठाऊक आहे. बिचकू नको. नेटवर लागतात ते अल्फा, ब्राव्हो, चार्लीपासून झुलूपर्यंतचे २६ शब्द, आणि बोलण्याची एक ठरीव पद्धत. आकडा कधी अख्खा बोलायचा नाही. फिफ्टीन आणि फिफ्टी गोंगाटात सारखेच ऐकू येतात. हिंदीत उनसठ आणि उनहत्तर ऐक, तीच गत. म्हणून वन, फाइव्ह. फाइव्ह, झिरो. एकेक आकडा सुटा, आणि मग ऐकणाऱ्याकडून परत वाचून घ्यायचा. तुझ्या नेटवर पंजाबी असेल, तामिळ असेल, आसामी असेल. तुझा वऱ्हाडी हेल त्यांना नवा, त्यांचा तुला. हळू आणि सपाट बोललास की सगळ्यांना समजतं. बटण दाबण्याआधी वाक्य मनात पुरं करायचं. आणि त्याही आधी दोन क्षण ऐकायचं, कारण तुझ्यापेक्षा दुबळ्या आवाजाचं कुणी तेव्हाच बोलत असेल तर तू त्याला चिरडशील.

नेट आपल्याच माणसांचं असतं असं समजू नको. आमचे उस्ताद श्रीलंकेहून आलेले होते, १९८७ ते ९० च्या शांतिसेनेतले. तिथल्या तमिळ बंडखोरांकडे, एलटीटीईकडे, चांगले सेट होते आणि ते आपलं बोलणं ऐकत होते, हे त्यांनी सोसलेलं होतं. नेटवर कुणाचं नाव घेतलं, जागेचं नाव उघड बोललं, साहेब निघालेत असं म्हटलं, की उस्ताद असा रगडा द्यायचे की आठवडाभर पिंढऱ्या दुखायच्या. त्या रगड्याचं कारण त्यांनी आम्हाला शांतपणे बसवून सांगितलं होतं, म्हणून तो कधी अन्याय वाटला नाही. तुमच्या पिढीसाठी याचा अर्थ फोन. युनिट कुठं आहे, कुठं चाललं आहे, गाडीवर बसलेला फोटो, यातलं काहीही स्टेटसवर टाकायचं नाही. गावातल्या दोस्तांनी कितीही आग्रह केला तरी नाही.

ऑगस्ट १९९४ तू कधी वाचलास का? बैदोआहून बलेडोगलेकडे जाणाऱ्या रस्त्यावर घात लावून बसलेल्यांनी आपल्या तुकडीवर हल्ला केला, ७ जवान गेले. त्याच महिन्याच्या शेवटी बैदोआत आपल्या दवाखान्यावर रॉकेट पडलं, ३ डॉक्टर गेले. तिथल्या लोकांची बाळंतपणं आणि जखमा याच दवाखान्यात बघितल्या जात होत्या. त्या दिवसांबद्दल मी जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो की अशा वेळी जखमींसाठी हेलिकॉप्टर मागवणं, रस्ता बंद करणं, मागच्या गाड्या थांबवणं, हे सारं कुणाच्या तरी शांत आवाजातून जातं. तो आवाज चढला, घाबरला, की ऐकणारा पुन्हा विचारतो आणि वेळ जातो. जबलपूरला जेव्हा तुला त्याच त्या सरावाचा कंटाळा येईल तेव्हा हे आठव.

दिल्लीशी बोलायचं काम वेगळं होतं. साडेचार हजार किलोमीटर, दिशा ईशान्य. तिथं खालची तार चालत नाही. उंच हवी, आणि तिची लांबी वायव्येकडून आग्नेयेकडे ताणायची म्हणजे तोंड बरोबर ईशान्येला येतं. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. दिल्लीत दिवस मावळलेला असतो तेव्हा बैदोआत दुपारचं ऊन असतं, म्हणजे वाटेतला अर्धा आकाशाचा थर उजेडात आणि अर्धा अंधारात. दुपारी जी फ्रिक्वेन्सी सुरेख चालली ती तासाभरात बसते, आणि तुला ती बसायच्या आधीच पुढची तयार ठेवावी लागते. हे पुस्तकात आहे, पण कळतं ते आठ-पंधरा दिवस रोज वेळ आणि आवाज वहीत टिपल्यावरच. नागपूर आकाशवाणी, ५८५ किलोहर्ट्झ, दिवसा आपल्याकडे एकटीच स्वच्छ लागते आणि रात्री तिच्या आजूबाजूला दूरदूरची स्टेशनं उगवतात, हे तू आजीच्या ट्रान्झिस्टरवर ऐकलं असशील. दिवसा खालचा एक थर त्या लहरी पिऊन टाकतो, रात्री तो विरतो. म्हणजे या विद्येचा पहिला धडा तुझ्या घरातच होता.

डिसेंबर १९९४ मध्ये आपली ब्रिगेड परतली. किसमायोहून शेवटची माणसं न्यायला नौदलाची जहाजं आली होती, गंगा, गोदावरी आणि शक्ती. परतताना स्टेशन सगळ्यांत शेवटी उतरवायचं असतं. लंगर बंद होतो, तंबू निघतात, गाड्या भरल्या जातात, आणि सिग्नलवाला तार वर ठेवून बसलेला असतो, कारण बाहेर अजून कुणीतरी आहे. शेवटचा आउट स्टेशन आत आला, त्याची नोंद झाली, मगच कंट्रोल बंद.

घरच्यांचं बोलायचं राहिलं. आमच्या वेळी गावात फोन नव्हता. फील्ड पोस्ट ऑफिसातून पत्र टाकायचं, ते पोचायला दिवस लागायचे, आणि तेवढ्यात रेडिओवर काही वाईट बातमी आली की तुझ्या काकूचा जीव टांगणीला. तुमच्याकडे फोन आहे, पण त्यामुळे नवा त्रास होतो. पोरगा आज तीनदा फोन करतो, मग दहा दिवस नाही, आणि आई जेवत नाही. म्हणून आईला एक वार आणि एक वेळ ठरवून दे. ट्रेनिंगमध्ये फोन कधी मिळतो ते आधी बघ, मग शब्द दे. जमेल तेवढीच वेळ दे, पण ती पाळ. आणि तिला हेही सांग की एखाद्या वेळी आला नाही तर दुसऱ्या ठरल्या वेळेपर्यंत थांबायचं, घाबरायचं नाही. ती समजेल.

अग्निवीर म्हणून तुझ्याकडे ४ वर्षं आहेत आणि पुढे १०० मागे फार तर २५ जणांना ठेवतात. त्या टांगत्या तलवारीचा विचार रोज करू नको, पण वेळ वायाही घालवू नको. केबलचा ड्रम खांद्यावर घेऊन लाईन टाकायला लावतील, ते मन लावून कर. सांधा असा बांध की ओढलं तर तार तुटावी, सांधा नव्हे. प्रत्येक गोष्टीला "का" विचार, मात्र योग्य वेळी आणि नम्रपणे. उस्तादाला असा पोरगा आवडतो. आता सॅटेलाइट आहे, फायबर आहे, कॉम्प्युटरवर चालणारे सेट आहेत, ते तू माझ्यापेक्षा लवकर शिकशील. पण एचएफचा तास आला की झोपू नको. बाकीचं सगळं बंद पडतं तेव्हा तेच उरतं.

फौजेतून आल्यावर, किंवा फौजेत असताना परवानगी घेऊन, हौशी रेडिओची परीक्षा दे. ती केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग घेतो. खालच्या श्रेणीला मोर्स, म्हणजे ठिपके-रेघांची सांकेतिक लिपी, लागत नाही, वरच्या श्रेणीला लागतं. पूर आला, वादळ आलं, मोबाइलचे टॉवर पडले, की जिल्हाधिकाऱ्यांना अशी माणसं हवी असतात. आपल्या तालुक्यात असा एकही जण माझ्या पाहण्यात नाही.

निघायच्या आधीच्या रविवारी आमच्या वावरात ये. येताना २१ मीटर तांब्याची इन्सुलेशनवाली तार, मीटर टेप आणि पक्कड आण. बांबू आणि दोरी माझ्याकडे आहे, जुना रिसीव्हरही आहे. सकाळी ७ मेगाहर्ट्झवर देशभरातले हौशी रेडिओवाले बोलत असतात. आपण डायपोल कापू, १०.२ मीटरचे दोन बाहू, धुऱ्यावरच्या बाभळी आणि विहिरीजवळच्या कडुनिंबामध्ये ताणू, आणि आधी ती उंच लावून ऐकू, मग खाली आणून. फरक तू स्वतःच वहीत लिही. बोलायचं नाही, त्याला परवाना लागतो, नुसतं ऐकायचं. वही कोरी आण, रफ चालणार नाही. साडेसहाला ये, सातच्या आत तार चढली पाहिजे. नाश्ता काकूकडे.

तुझा,
सुभेदार काका